खबर सगळ्यांची, विचारपूस कोणाची?

प्रश्न: "मी चोपडा तालुक्यातल्या एका गावात शिक्षिका आहे. मुलगी अकरावीला. पूर्वी चित्रं काढायची, भांडायची, खळखळून हसायची. आता नवा ड्रेस घातला की आधी फोटो, ताट वाढलं की आधी फोटो. एखाद्या फोटोला लाईक कमी आले तर तो काढून टाकते आणि दिवसभर गप्प राहते. रात्री आम्ही चौघं एका घरात असूनही चार मोबाईलमध्ये असतो. त्यात भाऊबंदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यजमानांचा दिरांशी वाद झाला आणि यंदा कानबाईच्या रोटांना, म्हणजे भाऊबंदांनी एकत्र यायच्या आमच्या देवीच्या सणाला, त्यांचं घर आलंच नाही. सोशल मीडियामुळे माणसाचं स्वत्व आणि नाती खरंच बिघडतात, की दोष आमचाच? मुलीचा मोबाईल काढून घेऊ का?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. मोबाईल काढून घेऊ नका. त्यामागचं कारण पुढे येईल, पण तोवर निदान हे पाऊल उचलू नका.

मी जळगावात बरीच वर्षं कौटुंबिक समुपदेशन करते. जळगाव, धुळे, नंदुरबार अशा तिन्ही जिल्ह्यांतली कुटुंबं येतात. काही सुरतहूनही येतात, कारण उधना-लिंबायतमध्ये निम्मं खान्देश राहतं. खाली जी उदाहरणं देते आहे त्यांतले तपशील बदलले आहेत, पण घडलेलं तसंच आहे.

घरात मोबाईलवरून भांडण झालं की सगळ्यांचं बोट तासांवर जातं. "ही पाच तास मोबाईलवर असते." मला हे मोजमाप अपुरं वाटतं. 2019 मध्ये एमी ऑर्बन आणि अँड्र्यू शिबिल्स्की या संशोधकांनी साडेतीन लाखांहून जास्त किशोरवयीन मुलांची माहिती तपासली. मुलांच्या मनःस्वास्थ्यात जो फरक दिसतो, त्यातला जास्तीत जास्त 0.4 टक्के भाग डिजिटल साधनांच्या वापराशी जोडता येतो, असं त्यातून निघालं. म्हणजे सरसकट सगळ्या मुलांकडे पाहिलं तर तासांचा परिणाम फार छोटा आहे. पण सरासरीत तुमची मुलगी दिसत नाही. एक मुलगा तासभर सुरतच्या भावाशी बोलतो, दुसरा तासभर अनोळखी लोकांची लग्नं पाहत स्वतःच्या घराची लाज बाळगतो. घड्याळात दोघांचा तास सारखाच भरतो.

म्हणून मी समोर बसलेल्या माणसाला दोन गोष्टी विचारते. तो तास तुम्ही कोणाच्या नजरेखाली घालवला? आणि त्या तासात तुम्ही कोणाची विचारपूस केली, किंवा कोणी तुमची केली? स्वत्वाचं दुखणं पहिल्या प्रश्नात सापडतं, नात्याचं दुसऱ्यात.

आधी तुमच्या मुलीबद्दल.

लोक आपल्याला कसं पाहतात यावरून आपण स्वतःला ओळखतो, हे चार्ल्स कूली या समाजशास्त्रज्ञाने 1902 मध्येच लिहून ठेवलं होतं. तेव्हा मोबाईल कुठे होता! म्हणजे दुसऱ्याच्या नजरेत स्वतःला शोधणं ही तुमच्या लेकीची विकृती नाही, माणसाचा स्वभाव आहे. तुम्ही-मीही तसंच वाढलो. फरक पाहणाऱ्यांमध्ये पडला. आपल्या लहानपणी पाहणारे म्हणजे गल्लीतल्या म्हाताऱ्या, शाळेतल्या बाई, मामाचं घर, चार मैत्रिणी. त्यांतली एखादी टोचून बोलायची, पण दुसरी जवळ घ्यायची. त्या सगळ्यांना आपण पूर्ण माहीत होतो, तापात फणफणलेले, रागावलेले, केस न विंचरलेले. आज तुमच्या मुलीला पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांना तिचा एक फोटो माहीत आहे, बाकी काही नाही. आणि त्यांचं मत आकड्यात येतं. फेसबुकने लाईकचं बटण आणलं ते 2009 मध्ये. त्याआधी "मी लोकांना किती आवडते" याचा आकडा कोणत्याच पिढीतल्या सोळा वर्षांच्या मुलीला रोज वाचावा लागला नव्हता.

त्यात हे वय. चौदा ते वीस या वर्षांत मूल स्वतःची वेगवेगळी रूपं घालून पाहतं. आठवीत कविता करायची, नववीत कबड्डीचं वेड, दहावीत अचानक देवभक्ती, अकरावीत सगळ्यावर राग. हे होऊ द्यायचं असतं. त्यातली बरीच रूपं गळून पडतात आणि ती गळून पडली हे कोणाच्या लक्षातही राहत नाही. या विसरण्याचा मुलांना फार मोठा आधार असतो. आता प्रत्येक रूपाची नोंद राहते, त्यावर मत पडतं, तेही पहिल्या अर्ध्या तासात. तुमची मुलगी कमी लाईकचा फोटो काढून टाकते, तेव्हा त्या फोटोबरोबर ती स्वतःची एक वाट बंद करते. "ही मी चालत नाही," असं ठरवते. असं वारंवार झालं की मूल जे चालतं तेवढंच शिल्लक ठेवतं. तिची चित्रं थांबली हे तुम्ही अर्ध्या वाक्यात लिहिलंत, मला मात्र तुमच्या सगळ्या प्रश्नात ते सर्वांत महत्त्वाचं वाटलं. चित्राला वेळ लागतो, ते बिघडतं, आणि बिघडलेलं कोणाला दाखवायचं नसतं. ज्याला प्रेक्षक नाही असं काहीतरी माणसाजवळ असावंच लागतं.

इथे मला धुळे जिल्ह्यातल्या एका तरुणाबद्दल सांगायला हवं. पुण्यात कॉलेजला गेला तेव्हा तो अहिराणी लपवायचा. आईचा फोन आला की खोलीबाहेर जाऊन बोलायचा. मग यूट्यूबवर अहिराणी गाणी, विनोदी व्हिडिओ यांना लाखोंनी लोक पाहू लागले. पुण्यातली त्याची मित्रमंडळीही खान्देशी गाण्यांवर नाचू लागली, आणि या मुलाची मान ताठ झाली. तोही अहिराणीत रील्स करू लागला. हे सोशल मीडियाचंच देणं आहे आणि मी ते मनापासून मान्य करते. जी बोली शाळेत बोलली की हातावर छडी बसायची, ती आज पोरं अभिमानाने बोलतात. व्यक्तिमत्त्व मोकळं होतं ते असंही.

पण त्याची गोष्ट इथे थांबली नाही. त्याच्या लक्षात आलं की तो साधं, शहाणं काही बोलला तर लोक पुढे सरकतात, आणि गावंढळ, बावळट माणसाचं सोंग केलं की पाहणारे वाढतात. मग तो तेच करू लागला. आवाज चढवून बोलणं, डोळे फिरवणं, प्रत्येक वाक्यात शिवी. वर्षभरात घरीही तसंच बोलणं सुरू झालं. बहिणीचं लग्न ठरवायला पाहुणे आले तेव्हा वडिलांनी त्याला शेतावर पाठवून दिलं. माझ्यासमोर बसून तो म्हणाला, "मॅडम, माझं खरं बोलणं कुठलं तेच मला आठवत नाही." त्याला कोणी जबरदस्ती केली नव्हती. पाहणाऱ्यांनी ज्याला बक्षीस दिलं तेवढा एकच तुकडा वाढत गेला आणि बाकीचा माणूस वाळत गेला. सोशल मीडियामुळे स्वत्व जातं ते असं, हळूहळू, आपल्याच संमतीने.

यात दोष कोणाचा, असं तुम्ही विचारलंत. तुमच्या मुलीच्या इच्छाशक्तीचा तर नाहीच. बक्षीस दर वेळी मिळत नसलं, कधी मिळेल ते सांगता येत नसलं, की जीव ती कृती सोडत नाही, हे बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवरच्या प्रयोगांत दाखवून दिलं होतं. जुगाराचं यंत्र याच सूत्रावर चालतं. लाईक येतील की नाही, पुढची रील मस्त निघेल की नाही, हेही त्याच सूत्रावर चालतं. बोटाने सरकवत राहिलं तरी पान संपतच नाही, ही रचना अझा रास्किन या अभियंत्याने 2006 मध्ये केली आणि पुढे त्याने स्वतःच त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. वर्तमानपत्र संपतं, मालिकेचा भाग संपतो, ओट्यावरच्या गप्पा जेवणाच्या हाकेने संपतात. इथे "पुरे" म्हणायची जागाच मुद्दाम काढून टाकली आहे. सोळा वर्षांच्या पोरीने एकटीने याच्याशी लढावं, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

आता नात्यांकडे येते.

5 सप्टेंबर 2016 ला जिओ सुरू झालं आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत आपल्याकडच्या वाड्या-वस्त्यांपर्यंत स्वस्त इंटरनेट पोहोचलं. त्यानंतर माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींचा पोत बदलला. आधी लोक म्हणायचे, "आमचं बोलणं होत नाही." आता म्हणतात, "बोलणं रोज होतं, पण काही राहिलं नाही." कोणाच्या घरी बाळ झालं, कोणी नवा ट्रॅक्टर घेतला, कोण कुठल्या देवाला गेलं, सगळं कळतं. खबर भरपूर आहे. आणि खबर मिळाली की मनाला वाटतं, संपर्क झाला. त्यामुळे विचारपूस करायची राहून जाते.

एका गृहस्थांची आई गेली. ग्रुपवर शंभराच्या वर "भावपूर्ण श्रद्धांजली" आल्या, हात जोडलेली चिन्हं आली. दारावर मात्र मोजकीच माणसं आली. त्यांनी तो ग्रुप मला उघडून दाखवला आणि म्हणाले, "यातल्या कोणाला वाईट वाटलं नसेल असं नाही. पण माझ्याजवळ कोणी बसलं नाही." आपल्याकडे दारावर जायची पद्धत आहे. जाणारा माणूस तिथे फारसं बोलत नाही. चहा घेतो, "कसं झालं?" एवढं विचारतो, आणि घरचा माणूस तेच सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगतो. दहा जणांना दहा वेळा सांगून त्याचं दुःख हलकं होतं. दुःखावरचं हे औषध आपल्या वाडवडिलांनी घडवलं होतं आणि ते शंभर संदेशांनी होत नाही, कारण संदेशाला उत्तर देताना त्याला काहीच सांगावं लागत नाही. "धन्यवाद" लिहिलं की संपलं.

दुसरी एक गोष्ट मी फार वेळा पाहते आणि तिच्याबद्दल लोक मोकळेपणाने बोलत नाहीत, म्हणून इथे सविस्तर लिहिते. नव्याने लग्न झालेली मुलगी आणि तिची आई यांचे रोजचे व्हिडिओ कॉल. पूर्वी सासुरवाशीण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी यायची. गौराई, झोके, गाणी, मैत्रिणी. वर्षभराचं साठलेलं त्या आठवड्यात बाहेर पडायचं, आणि त्यातलं बरंचसं तोवर निवलेलं असायचं. सासूने माघ महिन्यात टोचून बोललेलं आखाजीला सांगताना पोरगी हसायची. आता सासू सकाळी नऊ वाजता भाजीत मीठ जास्त म्हणाली की सव्वानऊला आईला कळतं, साडेनऊला आईने मावशीला सांगितलेलं असतं, आणि दुपारी मामाचा जावयाला फोन जातो. नवरा-बायकोचं भांडण संध्याकाळी घरी बसून मिटलं असतं, ते दुपारीच दोन कुटुंबांचं होतं. संध्याकाळी ती दोघं एकमेकांकडे पाहून हसलेलीही असतात, पण माहेरच्यांचा राग तिथून पुढे महिनाभर चालतो.

मग कॉल बंद करायचे का? मुळीच नाही. याच फोनने मी मुली वाचलेल्या पाहिल्या आहेत. नंदुरबारकडची एक मुलगी, मारहाण चालू असताना खिशातल्या फोनवरून बहिणीला कॉल लावून ठेवला, बहीण गावातल्या माणसांना घेऊन पोहोचली. आखाजीची वाट पाहत बसली असती तर काय झालं असतं, हा विचार करवत नाही. जुनं ते सगळं सोनं होतं असं मी कोणाला सांगत नाही, कारण त्या जुन्या शांततेत कित्येक बायका मुकाट्याने संपल्या. माझं सांगणं आयांना एवढंच असतं: मुलगी रडत फोन करते तेव्हा आधी विचारा, "तुला मारहाण झाली का, उपाशी ठेवलं का, भीती वाटते का?" यातल्या एकाचंही उत्तर हो असेल तर लगेच निघा. तिन्हींचं उत्तर नाही असेल तर ऐकून घ्या, तिसऱ्याला सांगू नका, आणि दोन दिवसांनी तुम्हीच फोन करून विचारा. बहुतेक वेळा तेव्हा पोरगी दुसरंच काही सांगत असते.

तुमच्या घरातल्या चार मोबाईलबद्दल फार लिहीत नाही, कारण ते तुमच्या तिन्ही दुखण्यांतलं सर्वांत सोपं आहे. एक गोष्ट मात्र पाहा. शिक्षिका म्हणून शाळेचा ग्रुप, केंद्राचा ग्रुप, तालुक्याचा ग्रुप, "माहिती तातडीने भरावी" असे निरोप रात्री नऊनंतरही येत असणार. तुम्ही ते कामासाठी पाहता, पण मुलीला दिसतं ते एवढंच की आईही मान खाली घालून बसली आहे. कामाच्या निरोपांची एक वेळ ठरवा आणि ती घरात मोठ्याने सांगा: "आठ ते साडेआठ मी शाळेचं पाहणार, मग फोन टीव्हीजवळ." मुलांना बंदीपेक्षा हे जास्त समजतं. अमेरिकेत 2018 साली अर्थतज्ज्ञांनी एका मोठ्या प्रयोगात लोकांना चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं. रोजचा सरासरी तासभर मोकळा झाला. तो वेळ लोकांनी कुठे घातला? काहींचा टीव्हीपुढे गेला, पण घरच्यांबरोबर आणि मित्रांबरोबर बसणंही वाढलं. थोडंसं का होईना, समाधानही वाढलं. मोकळ्या वेळातला काही भाग आपोआप नात्याकडे वळतो, फक्त तो वेळ मोकळा व्हावा लागतो.

भाऊबंदांच्या ग्रुपचं प्रकरण याहून अवघड आहे.

आपल्या भाऊबंदकीत वाद पूर्वीही व्हायचे, बांधावरून व्हायचे, विहिरीच्या पाळीवरून व्हायचे, कधी कोर्टापर्यंत जायचे. पण तेव्हा वाद करणारे समोरासमोर असायचे. आवाज चढला की मधे आबा किंवा नाना बोलायचे, "बस कर आता." बोलणाऱ्याला समोरच्याचा चेहरा उतरलेला दिसायचा आणि जीभ आवरायची. ग्रुपवर चेहरा नाही. दिरांनी लिहिलेलं वाक्य यजमानांनी स्वतःच्या रागाच्या आवाजात वाचलं असणार, आणि यजमानांचं दिरांनी तसंच. त्यात पन्नास-साठ नातेवाईक बघत असतात. दोघांच्या भांडणातून माघार घेता येते, साठ जणांसमोर माघार घेणं म्हणजे हरणं वाटतं. निळ्या खुणा दिसतात, उत्तर येत नाही, आणि त्या शांततेचाही अर्थ लावला जातो. शिवाय लिहिलेलं राहतं. तोंडून गेलेला शब्द आठवड्याने धूसर होतो, लिहिलेला शब्द रात्री दोन वाजता उघडून पुन्हा वाचता येतो. माणसं वाचतात, ताई. माझ्यासमोर बसून लोकांनी दोन-दोन वर्षांपूर्वीचे संदेश वाचून दाखवले आहेत.

आणि घोळक्यात माणसाचं स्वतःचं मत कसं विरघळतं, याची सर्वांत भयंकर खूण आपल्याच मातीत आहे. 1 जुलै 2018. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होत्या. आठवडे बाजारात आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. ती माणसं सोलापूरकडून पोट भरायला आली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच जणांना निरोप पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. त्या गर्दीतला प्रत्येक जण घरी कोणाचा तरी बाप, भाऊ, मुलगा होता. एकट्याला विचारलं असतं तर बहुतेकांनी म्हटलं असतं, "आधी चौकशी करू." ती चौकशी करण्याइतका वेळ आणि वेगळेपणा कोणाजवळ उरला नाही. तुमच्या घरच्या वादाची मी याच्याशी बरोबरी करत नाही. पण स्वतः न तपासता पुढे ढकललेला निरोप आणि सगळे चिडलेत म्हणून चिडणं, यांची सवय ग्रुपमध्ये लागते, आणि ती तोडायची असेल तर सुरुवात छोट्या वादातच करावी लागते.

आता करायचं काय? ग्रुपवर एक शब्दही लिहू नका, माफीचासुद्धा नाही. साठ जणांसमोरची माफीही पुन्हा तमाशा होते. यजमानांना दिरांच्या घरी पाठवायची घाईही करू नका. माझा अनुभव असा आहे की हे दार बहुधा जावा-जावा उघडतात. तुम्ही जाऊबाईंकडे जा, दुपारी, हातात काहीतरी घेऊन, भरिताची वांगी असोत की लोणचं असो. वादाचा विषय काढू नका. त्यांनी काढला तर ऐका, आपली बाजू सांगू नका. कानबाईला घरातल्या पुरुषांच्या नावाने धान्याची मूठ घेतली जाते, आणि रोटांचा प्रसाद भाऊबंदांपुरताच असतो. म्हणजे यंदा तुमच्याकडे काही नावांची मूठ पडली नाही, हे त्यांनाही तितकंच लागलेलं असणार. ते त्यांना बोलू द्या. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत यजमान सोबत जाऊ शकतील. तेव्हा घरातलं जे कोणी वडीलधारं दोन्हीकडे मानलं जातं, त्यांनी तिथे असावं, पण न्याय करायला बसू नये. कोण चुकलं हे ठरवायला बसलात तर पुन्हा ग्रुपच भरेल, फक्त घरात. आणि यापुढे त्या ग्रुपवर लग्नाचं आमंत्रण, दवाखान्याची गरज, कोणाच्या दुःखाची बातमी एवढंच राहावं, राजकारण आणि वाटणी यांना तिथे जागा नसावी, असं एखाद्या वडीलधाऱ्या माणसाने एकदा स्पष्ट सांगितलं तर बराच फरक पडतो.

मुलीचा मोबाईल का काढून घ्यायचा नाही, ते आता सांगते. अभ्यासाचे ग्रुप, मैत्रिणी हे कारण आहेच, पण खरं कारण वेगळं. मुलींचे फोटो विकृत करून धमकावणं, ओळख वाढवून खासगी फोटो मागणं, मग पैसे मागणं, अशी प्रकरणं माझ्याकडे येतात, लहान गावांतूनही येतात. त्या प्रत्येक प्रकरणात मुलगी काही दिवस एकटीच सहन करत होती. का सांगितलं नाहीस, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "घरात कळलं तर मोबाईल काढून घेतील, शिक्षण बंद करतील." आज चिडून तुम्ही मोबाईल काढून घेतलात तर उद्या संकटात ती तुमच्याकडे येणार नाही. उलट आजच तिला सांगून ठेवा: काहीही झालं, चूक तुझी असली तरीही, आधी मला सांग, मी फोनही काढणार नाही आणि कॉलेजही बंद करणार नाही. असं काही घडलंच तर पैसे द्यायचे नाहीत, संदेश पुसायचे नाहीत, 1930 या सायबर हेल्पलाईनवर तक्रार करायची.

बाकी तिच्याशी बसून तीन-चार गोष्टी करता येतील. इन्स्टाग्रामवर लाईकचा आकडा लपवण्याची सोय 2021 पासून आहे, ती चालू करायला सुचवा. रोज किती वेळ गेला ते फोनच्या सेटिंगमध्ये दिसतं. ते तुम्ही तपासू नका, तिने स्वतः आठवडाभर लिहून ठेवावं. तुम्हीही तुमचं लिहा आणि रविवारी दोघींनी वही उघडा. हे मी उगाच सांगत नाही. 2018 मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात मेलिसा हंट आणि सहकाऱ्यांनी 143 विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. निम्म्यांनी तीन आठवडे फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट रोज प्रत्येकी दहाच मिनिटं वापरायचं होतं. त्यांचा एकटेपणा आणि खिन्नता कमी झाली. मला त्याहून बोलका वाटला तो दुसरा निष्कर्ष: ज्यांच्यावर मर्यादा नव्हती, फक्त वापराची नोंद ठेवली जात होती, त्यांचीही अस्वस्थता आणि "माझं काही निसटतंय" ही भीती कमी झाली. स्वतःकडे नुसतं पाहिलं तरी माणूस थोडा मोकळा होतो.

तिचा चांगला फोटो पाहून "किती छान दिसतेस" म्हणणं थोडे दिवस कमी करा. तिने तक्रार केलेली मैत्रीण, तिला न पटलेला धडा, तिने वाद घातलेली गोष्ट, यांबद्दल विचारा. ज्या मुलीला घरात तिच्या मतासाठी ओळखतात, तिच्यावर फोटोचा आकडा कमी चालतो. आणि रंग, कागद तिच्या हाताशी ठेवा, पण चित्र काढलं तर त्याचा फोटो काढू नका, स्टेटसला तर मुळीच टाकू नका. आईवडिलांनी अभिमानाने टाकलेल्या फोटोमुळे कितीतरी मुलांनी आपला छंद सोडलेला मी पाहिला आहे, कारण जे त्यांचं एकट्याचं होतं तेही लोकांचं झालं.

सोशल मीडियाच्या वापराला जागतिक आरोग्य संघटनेने आजार म्हणून मान्यता दिलेली नाही. गेमिंगच्या व्यसनाला मात्र 2022 पासून लागू झालेल्या यादीत स्थान आहे. त्यामुळे "मुलीला मोबाईलचं व्यसन लागलंय" हे शब्द तिच्यासमोर वापरू नका. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली, जेवण सुटलं, कॉलेज टाळू लागली, मैत्रिणींनाही भेटेना, किंवा "मी नसते तर बरं झालं असतं" असं काही बोलली, तर थांबू नका. टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचार विभाग असतो. फोन लावताना तिला सांगून लावा, आणि तिला हवं असेल तर आधी तिला एकटीला बोलू द्या.